मास्तरांचा दुसरा आवाज

मास्तरांनी आयुष्यात कोणाला शिकवलं नाही. शिकवायची ती त्यांची बायको, बालवर्गाला. पण गाव मास्तर म्हणायचं ते यांना. बसस्टँडच्या इमारतीत वरच्या मजल्यावर तिन्ही बाजूंनी काचा असलेली एक खोली होती. तिथे माईकसमोर बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते सांगायचं, हे त्यांचं काम. सुरुवातीला पोरं त्यांना भोंगेमास्तर म्हणत. ती पोरं मोठी झाली, आपापल्या मुलांना हाताला धरून स्टँडवर येऊ लागली, तेव्हा त्यांनाच 'भोंगे' म्हणायचा संकोच वाटू लागला. तेवढा शब्द गळून पडला आणि मास्तर उरले. त्यांच्या बायकोला सगळे बाई म्हणत, कारण निम्म्या गावाला नाक पुसायला त्यांनी शिकवलं होतं.

गावाला मास्तरांचा आवाज पाठ होता आणि चेहरा ठाऊक नव्हता. आवाज असा, की ऐकणाऱ्याने सहा फुटी, भरल्या छातीचा माणूस डोळ्यांसमोर आणावा. प्रत्यक्षात मास्तर म्हणजे दोन मोठे कान आणि त्यांच्यामध्ये एक काटकुळा माणूस. दुकानात गेले की रांगेत मागे मागे ढकलले जायचे. मग एकदा 'अर्धा किलो साखर द्या' म्हणाले की दुकानदार चमकून वर बघायचा, आणि रांगेतली दोन-चार माणसं सवयीने पिशव्या उचलायची.

बाईंनीही त्यांना आधी ऐकलं आणि मग पाहिलं. लग्नाआधी त्या शिक्षिकेच्या कोर्ससाठी बसने येऊन-जाऊन करायच्या. एकदा त्यांची छत्री गाडीत राहिली आणि गाडी निघून गेली. कोणीतरी सांगितलं, वर जा, माईकवरून सांगतील. त्या जिना चढून काचेच्या खोलीत गेल्या, तर आत एक हडकुळा तरुण डब्यातलं जेवण संपवत बसलेला. त्यांनी विचारलं, "ते आवाजवाले कुठे गेलेत?"

तो म्हणाला, "जेवतायत."

मग त्याने हात धुतले, रुमालाने पुसले, माईकवर बोटाने दोनदा टकटक केलं, एक श्वासभर थांबला, आणि त्या दोन कानांच्या मधून तो सहा फुटी आवाज बाहेर आला. निळी छत्री, वाकडी मूठ, मुठीला लाल दोरा; परतीच्या गाडीच्या कंडक्टरने कृपया लक्ष द्यावं. छत्री त्याच संध्याकाळी परत आली. बाई पुढे सांगायच्या की मी छत्री न्यायला गेले आणि सामान वाढवून आले.

ती टकटक म्हणजे मास्तरांची खूण. माईक चालू आहे की नाही हे बघायला सगळेच टकटक करतात, पण त्यांची दोनच, आणि त्यानंतर एक श्वास. ते म्हणायचे, लोक आपापल्या बोलण्यात असतात, त्यांना वाक्य संपवायला वेळ द्यावा. प्रत्येक गाडी ते दोनदा सांगत. तिसऱ्यांदा फक्त तेव्हा, जेव्हा काचेतून त्यांना कोणी पळत येताना दिसे. मग म्हणायचे, "धावत येणाऱ्या ताईंनी सावकाश यावं, गाडी उभी आहे." गाडी खरं तर निघालेली असायची. पण एकदा माईकवरून उभी आहे म्हटल्यावर ड्रायव्हरला ती उभी करावीच लागायची. ड्रायव्हर खालून वर बघून पुटपुटत, आणि मास्तर काचेआडून हात जोडत.

घरीही त्यांचं तेच. सकाळी बाथरूमपुढे रांग लागली की टॉवेल खांद्यावर टाकून ते दाराच्या चौकटीवर टकटक करायचे आणि म्हणायचे, "थोरल्या कन्येकडे जाणारी अंघोळ सुटण्याच्या बेतात आहे. मागाहून तक्रार चालणार नाही." बाईंची शाळा सकाळची, त्यामुळे पोरांचं आवरायचं काम त्यांच्याकडे. थोरलीच्या दोन वेण्या ते घालायचे, आणि एक वेणी नेहमी दुसरीपेक्षा चढी असायची. तिने कुरकुर केली की म्हणत, उजवी एक्स्प्रेस आहे आणि डावी प्रत्येक थांब्यावर थांबते. शाळेचे कपडे ते इस्त्री करत, दप्तराचे तुटलेले पट्टे पोत्याच्या सुईने शिवत. ड्यूटी संपल्यावर स्टँडवरचे बाकीचे लोक टपरीवर गप्पांचा अड्डा जमवायचे. त्यात मास्तर कधी दिसले नाहीत. स्टँडची मागची भिंत आणि त्यांचं घर यांच्यात एक बोळ होता. ड्यूटी संपली की त्या बोळातून ते असे घरी यायचे, जसं काही घर सुटायच्या बेतात आहे.

थोरली झाली तेव्हा ते कामावर होते. दवाखान्यातून निरोप आला, आणि तो निरोप देणारा जिना उतरत असतानाच त्यांच्या हातात माईक होता. डोंगरावरच्या गावाची गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली असल्याचं त्यांनी सांगितलं, आणि त्याच श्वासात म्हणाले, "तसंच, मला मुलगी झालेली आहे. प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी." प्रवाशांनी चांगलीच नोंद घेतली. फलाटावर टाळ्या पडल्या, एका ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, ते ऐकून सगळ्यांनी वाजवला. स्टँडच्या कंट्रोलरसाहेबांनी त्यांना बोलावून सरकारी यंत्रणेचा खासगी वापर यावर खरपूस सुनावलं. धाकटा झाला तेव्हा मात्र तेच साहेब जिना चढून आले आणि म्हणाले, सांगून टाका एकदाचं, खाली लोक विचारतायत.

घरात आणखी एक माणूस होतं, ते म्हणजे मास्तरांची आई. नातवंडांमुळे सगळे त्यांना आजी म्हणत. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू गेली होती. धाकटा रांगायला लागला तोवर त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. त्यांची खाट मागच्या खोलीत, खिडकीला लागून होती. दिवसभर त्या घरातले जुने स्वेटर उसवून लोकरीचे गुंडे करत बसायच्या. बोटं इतकी तयार, की कुठे गाठ आहे ते त्यांना धागा हातात येण्याआधी कळे. खिडकी कायम उघडी, कारण तिच्यातून स्टँडचे कर्णे ऐकू यायचे. त्यांचा मुलगा दिवसभर त्यांच्या खिडकीत बोलत असायचा. कोणी भेटायला आलं आणि मध्येच कर्णा वाजला, की आजी हात वर करून पाहुण्याला थांबवायच्या. फलाट क्रमांक सांगून झाला की म्हणायच्या, "हं, तुमचं काय चाललं होतं?"

संध्याकाळी घरी आले की मास्तर आधी तिकडे जायचे. खाटेजवळ स्टूल ओढायचे, खाटेच्या लोखंडी दांडीवर टकटक करायचे, आणि बसायचे. दार अर्धवट लोटलेलं असे. बाहेर बाईंना नुसती गुणगुण ऐकू येई, शब्द नाहीत. मध्येच आजी हसायच्या. इकडे बाई चहा गाळून कपावर बशी झाकून ठेवायच्या, आणि रोज चहा निवायचा. एवढं काय बोलतात हा प्रश्न त्यांना पडायचा, पण त्या विचारायच्या नाहीत. घोषणाच करत असतील, त्या स्वतःशी म्हणायच्या. दुसरं येतंय काय या माणसाला. मास्तर बाहेर येऊन तो गार चहा असा प्यायचे की जणू चहा असाच करतात.

मुलं मोठी झाली. थोरलीचं लग्न होऊन ती दूर गेली. धाकटा कॉलेजात जाऊ लागला, नाटकांत कामं करू लागला. बापाचा आवाज त्याने जसाच्या तसा उचलला होता. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तो पडद्याआडून मास्तरांच्या आवाजात गाड्या सोडायचा, आणि प्रेक्षकांतली गावची माणसं पिशव्या चाचपायची. मास्तरांना याचं भारी कौतुक. पोराने घर नाही चालवलं तरी स्टँड चालवेल, म्हणायचे.

मग मास्तरांचा घसा बसला. सर्दी म्हणून सोडून दिलं. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं, गळ्याला मफलर झाला. आवाज दुपारपर्यंत टिकायचा आणि मग चिरायचा. खालून कंट्रोलरसाहेबांनी विचारलं, माईक बिघडलाय की तुम्ही? मास्तर म्हणाले, माईकला मेकॅनिक आहे. शेवटी बाईंनी त्यांना धरून डॉक्टरकडे नेलं, आणि त्या डॉक्टरांनी मोठ्या शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी आरशाची नळी घशात घालून पाहिलं, कागदावर चित्र काढलं, आणि पेनाने त्या चित्रावर एक टिंब दिलं. स्वरयंत्रावर गाठ आहे, काढावी लागेल. आवाज किती उरेल, उरेल की नाही, ते आज सांगता येणार नाही.

मास्तर ते चित्र बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आणि आईला काय सांगायचं?"

डॉक्टरांना कळेना की पन्नाशीच्या माणसाला आधी आईची आठवण का व्हावी. बाईंना कळलं. मास्तरांचे वडील असेच गेले होते. आधी त्यांचा घसा बसला, मग आवाज गेला, साधी गाठ आहे असंच तेव्हाही सांगितलं गेलं, आणि पुढचा उन्हाळा त्यांनी पाहिला नाही. आजी ते कधी बोलायच्या नाहीत, पण घरात कोणी खोकलं तरी त्यांच्या बोटांतला धागा थांबायचा. त्यात त्यांचं हृदय आता नाजूक झालं होतं. धक्का बसेल असं काही कानावर घालू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि त्यांच्या मुलाचं काय उरलं होतं त्यांच्यापाशी? चेहरा नव्हताच. आवाज तेवढा होता. तो एक दिवस बंद झाला तर त्या काय समजतील, हे सांगायला कोणा डॉक्टरची गरज नव्हती.

तेव्हा मास्तरांनी एक बेत केला, आणि या घराशिवाय दुसऱ्या कोणत्याही घरात तो कोणाला सुचला नसता.

ऑपरेशनला जाताना आजींना सांगितलं की ट्रेनिंग आहे, मोठ्या शहरात. ऑपरेशन झालं. गाठ तपासायला गेली आणि निर्धोक निघाली, तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात बाई मटकन बाकावर बसल्या. त्यांना उभं राहून आनंद करणं जमेना. पण बरेच आठवडे बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, असा हुकूम झाला. बाईंनी बालवर्गातली एक पाटी आणि पेन्सिल आणून दिली. मास्तरांनी पहिलं वाक्य लिहिलं: चहा. दुसरं लिहिलं: आवाज आल्याशिवाय आईला सांगायचं नाही. बाई म्हणाल्या, गाठ साधी निघाली म्हणून सांगू या की. त्यांनी पुसून लिहिलं: तेव्हाही साधीच म्हणाले होते.

स्टँडवर माईकसमोर एक नवी मुलगी बसू लागली होती. खिडकीतून तिचा आवाज येताच आजी विचारणार, म्हणून आधीच सांगून टाकलं की मास्तरांना आता पार्सलच्या खिडकीवर बसवलंय, बढती आहे. आजी एवढंच म्हणाल्या, "पार्सलं काही ऐकत नसतील त्याचं." आणि संध्याकाळी बेताचा मुख्य भाग सुरू झाला.

मास्तर नेहमीसारखे खोलीत जायचे, कारण पावलं त्यांचीच हवीत. धाकटा त्यांच्या मागोमाग अनवाणी, चवड्यांवर. मास्तर स्टुलावर बसत, आजी हात पुढे करत, तो हात मास्तर हातात घेत. आणि त्यांच्या खांद्यामागे उभा राहून धाकटा बापाच्या आवाजात बोलायचा. काय बोलायचं ते मास्तर मोकळ्या हाताने खुणा करून सांगायचे. पार्सलचा ढीग दाखवायला त्यांनी हात डोक्यापर्यंत नेला की धाकटा म्हणायचा, "आज खूप काम होतं, आई." मास्तरांनी कपाळावर हात मारला की तो म्हणायचा, "साहेबांनी डोकं खाल्लं." एकदा मास्तरांनी डास मारला, आणि धाकटा म्हणाला, "आणि एकाशी मारामारी झाली." मास्तरांनी डोळे वटारले. दारात उभ्या बाईंनी पदर तोंडात कोंबला. आजी शांतपणे म्हणाल्या, "या वयात मारामाऱ्या बऱ्या नव्हेत."

असं काही दिवस चाललं. आजींनी काही विचारलं नाही. फक्त त्या आता पूर्वीसारख्या हसत नव्हत्या, आणि लोकर उसवायची सोडून नुसती मांडीवर घेऊन बसत. बाईंच्या ते लक्षात आलं होतं. दुपारी ताट बरंचसं तसंच परत येई. त्यांनी ते मास्तरांना सांगितलं. पाटी पालथी घालून ते अंगणात जाऊन उभे राहिले.

मग एका संध्याकाळी धाकट्याला कॉलेजातून यायला उशीर झाला. मास्तर दारापाशी घुटमळत राहिले. आतून आजी म्हणाल्या, "आलास का रे?" पावलं त्यांनी ऐकली होती. परत फिरायची सोय नव्हती. मास्तर आत गेले, स्टुलावर बसले. बाई कणीक तशीच टाकून ओल्या हातांनी दारात आल्या.

आजी थांबल्या होत्या. खोलीत आवाज नव्हता. खिडकीतून नव्या मुलीची घोषणा आली आणि गेली. मास्तरांचा हात खाटेच्या दांडीवर होता, आणि कोणी सांगावं, घाबरून की नुसत्या सवयीने, त्या हाताचं बोट उचललं गेलं. टकटक. मग एक श्वास.

आजींनी मांडीवरची लोकर बाजूला ठेवली. त्या पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, "हं, बोल. ऐकतेय."

मास्तरांचे ओठ हलले. शब्द आले नाहीत, नुसता वारा आला. आणि बाईंना एवढंच दिसलं की त्यांचे कान लाल झालेत आणि डोळे भरलेत. आजींनी हात वर नेला. तो मास्तरांच्या हनुवटीला लागला, मग गळ्यावरच्या पट्टीला. तिथे तो थांबला. बाईंना वाटलं, झालं, आता या कोसळतील. त्या धावायच्या बेतात होत्या.

"दुखतं का?" आजींनी विचारलं.

मास्तरांनी मान हलवली. आजींचा हात गळ्यावरच असल्यामुळे त्यांना ती नाही म्हणून हललेली कळली.

"मग रडतोस कशाला? जिवंत आहेस की."

तेवढ्यात बाहेरचं दार आदळलं. धाकटा धापा टाकत बोळातून आला होता. कोणाकडे न बघता त्याने चपला भिरकावल्या, चवड्यांवर खोलीच्या दारापर्यंत आला आणि बापाच्या भरदार आवाजात म्हणाला, "आई, आज जरा उशीर झाला, पार्सलं फार होती."

आजींनी मान त्याच्याकडे वळवली. "ये, तूही ये," त्या म्हणाल्या. "माझा एक मुलगा आधीच येऊन बसलाय."

आधी बाई हसल्या. मग आजी. मग मास्तरांचे खांदे आवाजाशिवाय हलू लागले, आणि बाईंनी ओरडून सांगितलं की हसू नका, टाके उसवतील. धाकटा तसाच दारात, एका पायावर.

हसू ओसरल्यावर बाईंनी विचारलं, "आई, तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी," आजी म्हणाल्या. "हा पोरगा बोलतो छान. पण तो बोलतो तो स्टँडवरचा आवाज. तो गावाचा आहे. माझ्याशी माझा मुलगा त्या आवाजात कधी बोलला नाही." थोडं थांबून म्हणाल्या, "हात त्याचा होता म्हणून मी गप्प राहिले. विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं. तेवढं धाडस होत नव्हतं."

बाई दारातच बसल्या. इतकी वर्षं त्या ज्या आवाजाशेजारी राहिल्या, ज्या आवाजाने त्यांची छत्री शोधली, पोरांना उठवलं, मुलीचा जन्म गावाला सांगितला, त्याच्या आत आणखी एक आवाज होता आणि तो त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. घरात कोणीच ऐकला नव्हता. म्हणून तर धाकट्याला त्याची नक्कल करता आली नाही.

दुसऱ्या दिवसापासून आजी पुन्हा लोकर उसवू लागल्या, आणि ताट रिकामं परत येऊ लागलं. मास्तर रोज जाऊन नुसते बसत. आजीच बोलत, सांगत की तू बोलायचं नाहीस, आता मी तुला सांगते. बाईंनी एकदा दुपारी त्यांना विचारलं की एवढं काय बोलायचे ते तुमच्याशी. आजी म्हणाल्या, "दिसलेलं सांगायचा." दिवसभर तो काचेतून माझ्यासाठी बघत असायचा, त्या म्हणाल्या. गाडी येण्याआधी एका बाईने पिशवीतून नवे बूट काढून जुने कसे लपवले. म्हातारा-म्हातारीने एक संत्रं सोलून सगळ्या फोडी एकमेकांनाच कशा दिल्या आणि शेवटी कोणी खाल्ल्या. सुट्टीवरून परतणारा एक मुलगा गाडीत बसला, उतरला, बापाला काहीतरी सांगून पुन्हा बसला, पुन्हा उतरला. "सगळं हळू सांगायचा," आजी म्हणाल्या. "दिसेल इतकं हळू."

आवाज परत आला, पण पूर्वीचा नाही. काही आठवड्यांनी डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा मास्तरांच्या तोंडून एक खालचा, खरखरीत, हाताच्या अंतरापलीकडे न जाणारा आवाज निघाला. मास्तरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी डॉक्टरांकडे. डॉक्टर म्हणाले, एवढाच राहील. घरी आल्यावर मास्तर सरळ मागच्या खोलीत गेले, टकटक केलं, आणि 'आई' म्हणाले.

आजी म्हणाल्या, "हं, हा आला."

त्यांच्या दृष्टीने काही गेलंच नव्हतं. तोच आवाज होता तो, जरा पडसं झालेला.

माईक सुटला. काचेची खोली त्या नव्या मुलीला मिळाली, आणि मास्तरांनी जाताना तिला एकच गोष्ट शिकवली: कोणी पळत येताना दिसलं तर तिसऱ्यांदा सांगायचं. त्यांना चौकशीच्या खिडकीवर बसवलं. लोकांना त्यांचं ऐकू येईना, म्हणून लोक खिडकीतून डोकं आत घालू लागले, आणि अशा रीतीने इतक्या वर्षांनी गावाला मास्तरांचा चेहरा ठाऊक झाला. दुकानात आता रांगेत कोणी मागे ढकलेना. कंट्रोलरसाहेब तक्रार करायचे, की चौकशीला आलेला माणूस गाडीची वेळ विचारून निघत नाही, घरचं सांगत उभा राहतो. मास्तर म्हणायचे, मी तरी काय करू, एवढ्या जवळ आल्यावर लोक बोलतात.

घरातही फरक पडला. पूर्वी मास्तर एका टोकावरून घोषणा करायचे आणि बाकीचे दुसऱ्या टोकावरून ओरडून उत्तर द्यायचे. आता त्यांनी टेबलावर टकटक केलं की रेडिओ बंद व्हायचा, नळ बंद व्हायचा, सगळे जवळ यायचे. माहेरी आलेली थोरली म्हणाली, आपलं घर एकदम शहाणं कसं झालं?

आजी आणखी काही वर्षं होत्या. शेवटच्या दिवशी मास्तर त्यांच्याजवळच होते, आणि शेवटचं जे काही मास्तरांनी सांगितलं ते फक्त त्या दोघांनाच ऐकू गेलं.

त्यानंतर काही दिवस मास्तर संध्याकाळी घरी आले की मागच्या खोलीच्या दारापर्यंत जायचे आणि परत फिरायचे. एका संध्याकाळी बाईंनी ते स्टूल उचललं आणि स्वयंपाकघरात, आपल्या खुर्चीसमोर आणून ठेवलं. चहाचे दोन कप ठेवले. बशी झाकली नाही. मास्तर दारात उभे राहून ते बघत होते. मग येऊन बसले, टेबलावर टकटक केलं, आणि त्या दुसऱ्या आवाजात बाईंना सांगू लागले, की आज खिडकीशी एक बाई आली होती, तिला कुठे जायचं तेच आठवेना, आणि ते आठवेपर्यंत तिने आपल्या कोंबड्यांची नावं सांगितली.

बाईंना ऐकायला पुढे वाकावं लागलं. पुढची सगळी वर्षं त्या तशाच वाकून ऐकत राहिल्या. लोक म्हणत, काय आवाज होता हो मास्तरांचा, गेला बिचारा. बाई मान हलवत. पण गाठीने नेलं ते गावाचं होतं, आणि जे ठेवलं ते त्यांच्या वाट्याला आलं, हे त्या मनात पक्कं जाणून होत्या. याबद्दल कोणाचे आभार मानायचे ते त्यांना ठरवता येईना, म्हणून त्या मास्तरांना दुसरा कप चहा देत. तो त्यांनी कधी गार होऊ दिला नाही.

मास्तर गेले तेही हळूच गेले, दुपारी, झोपेत. स्टँडवर त्या दिवशी त्या मुलीने, जी आता मुलगी राहिली नव्हती, माईकवर दोनदा टकटक केलं, एक श्वास थांबली, आणि गावाला सांगितलं. म्हणतात की त्या वेळी फलाटावरच्या दोन गाड्यांचे ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरले होते.

परवा थोरली येऊन गेली. बाई तिला पोचवायला स्टँडवर गेल्या. गाडी सुटली तरी त्या लगेच निघाल्या नाहीत, बाकावर बसून राहिल्या. समोर एक माणूस लहानग्या मुलीला खांद्यावर घेऊन उभा होता. मुलगी झोपली होती, आणि तिच्या तोंडातली लाळ त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर पसरत होती. माणूस मान वळवून तो डाग बघायचा, पुन्हा समोर बघायचा. गाडी लागली तेव्हा त्याने तिला उठवलं नाही. आपली बॅग त्याने दातांत धरली, एका हाताने दांडी धरली, आणि तिरका होऊन, इंच इंच, तो गाडीत चढला. बाई पाहत राहिल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण हे सगळं नीट बघून ठेवतोय.

रात्री पोचल्याचा थोरलीचा फोन आला. प्रवास कसा झाला ते सांगून झालं, जेवलीस का विचारून झालं. पलीकडे टीव्ही चालू होता, मुलं भांडत होती. ठेवू का, थोरली म्हणाली.

बाईंनी फोनवर बोटाने दोनदा टकटक केलं, आणि एक श्वास थांबल्या.

पलीकडचा टीव्ही बंद झाला. मुलांना कोणीतरी गप्प केलं.

"हं आई, बोल," थोरली म्हणाली. "ऐकतेय."